खाडी आली की किल्ला आला

कोकणच्या किनाऱ्याने सायकल चालवायची म्हटलं की देशावरच्या माणसाला वाटतं, समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाटच असणार. नकाशाही तशीच भूल घालतो. डाव्या हाताला सह्याद्री, उजव्या हाताला पाणी आणि मधून रेवस ते रेडी असा सागरी मार्ग. प्रत्यक्षात सपाट रस्ता लागला की आम्ही दोघं एकमेकांकडे संशयाने बघायचो.

सह्याद्रीतून निघणारी जवळजवळ प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी होते आणि दोन खाड्यांच्या मधला जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, थेट पाण्यापर्यंत येऊन तुटतो. त्यामुळे सड्यावरून खाडीपर्यंत उतरायचं, पुलाने नाहीतर बोटीने पलीकडे जायचं आणि जेटी संपते तिथून सगळ्यात हलका गियर टाकून पुन्हा सडा चढायचा. एकेक चढ शंभर-सव्वाशे मीटरचाच असतो, पण दिवसभर तेच चालू राहतं. घाट एकदा चढला की संपतो, कोकणातली घाटी संपत नाही.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत सायकली घातल्या, मांडव्याला उतरलो आणि अलिबाग मागे टाकलं. रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई. कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात घुसलेल्या डोंगरावर पोर्तुगिजांचा किल्ला आहे आणि पायथ्याच्या गावात अजून एक पोर्तुगीजमिश्रित बोली बोलली जाते. पोर्तुगीज इथून १७४० साली गेले. चहा घेत होतो तिथे दोन बायका आपसात बोलत होत्या. आम्हाला अक्षर कळलं नाही, मग त्यांनीच आमच्याकडे वळून स्वच्छ मराठीत विचारलं, "सायकलीवर कुठे निघालात?"

मुरूडच्या पुढे चढावरून खाली राजपुरीची खाडी उघडते आणि तिच्या तोंडात जंजिरा दिसतो. गाडीतून येणारी माणसं इथे फोटो काढून पुढे जातात. आम्हाला थांबणं भाग होतं, छाती भरून आली होती. त्या थांबण्यात नजर फिरली. जंजिरा, त्याच्या वायव्येला समुद्रात शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या सिद्दीला शह म्हणून बांधलेला पद्मदुर्ग, आणि राजपुरीचा किनारा. १६८२च्या सुमारास संभाजी महाराजांनी याच किनाऱ्यावरून समुद्रात भर घालत जंजिऱ्यापर्यंत वाट करायचा प्रयत्न केला होता. पुस्तकात वाचताना ते अचाट वाटतं. त्या वळणावरून मधलं अंतर बघितलं की वाटतं, मीही हेच म्हटलं असतं: एवढंच तर पाणी आहे, भरून टाका. मोगली फौज रायगडाच्या दिशेने आल्यामुळे महाराजांना परतावं लागलं. सिद्दीचं राज्य मात्र टिकलं ते थेट १९४८च्या विलीनीकरणापर्यंत.

आगरदांड्याहून बोटीने दिघी. दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता या किनाऱ्यावरचा सर्वात लाडावलेला तुकडा. समुद्र अगदी चाकाशी, चढ बेताचे. त्याबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी लिहीत नाही.

बागमांडल्याहून सावित्री ओलांडताना बोटीतून अर्धवट पुलाचे खांब दिसले. डोक्यावर बाणकोटचा किल्ला. इथवर येईपर्यंत एक गोष्ट पायांना कळून चुकली होती, डोक्याला जरा उशिरा कळली. मोठा उतार लागला की खाली खाडी आणि खाडीच्या तोंडाशी किल्ला. कुंडलिकेवर कोर्लई, सावित्रीवर बाणकोट, वाशिष्ठीवर गोपाळगड, शास्त्रीवर जयगड, मुचकुंदीवर पूर्णगड, वाघोटणवर विजयदुर्ग. किल्ले समुद्रावर नजर ठेवायला बांधले असं आपण शाळेत शिकतो. ते अर्धंच खरं आहे. त्यांची दुसरी नजर आत, खाडीकडे आहे. गलबतं भरतीबरोबर खाडीतून वर जायची, दाभोळहून चिपळूणला, जयगडहून संगमेश्वरला, विजयदुर्गहून खारेपाटणला, आणि तिथून माल बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर. खाडीचं तोंड ज्याच्या हातात त्याच्या हातात जकात. गाडीने पुलावरून खाडी दोन मिनिटांत ओलांडणाऱ्याला हे कळायला नकाशा लागतो. सायकलवाला ती खाडी उतरतो, बोटीची वाट बघतो, पुन्हा चढतो. त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

हर्णैला संध्याकाळी पोचलो तेव्हा मासळीचा लिलाव ऐन रंगात होता. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि जमिनीच्या बाजूने त्याला साथ होती पेशव्यांच्या फौजेची. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून गेले. म्हणजे इंग्रजांची आरमारी मोहीमही किनाऱ्याने आमच्याच क्रमाने खाली सरकली होती. हे ध्यानात आल्यावर पुढच्या प्रवासात तो विषय डोक्यातून जाईना.

दाभोळ-धोपावे, मग गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. हेदवीच्या अलीकडच्या चढावर मी उतरून सायकल ढकलली, त्याची मुळीच लाज वाटत नाही. तवसाळच्या जेटीवर बोटीची वाट बघताना एका काकांनी सायकलींना प्रदक्षिणा घातली, टायर दाबून पाहिले आणि विचारलं, "मुंबैहून सायकलीवर? पेट्रोल परवडत नाय होय?" मग जयगडपर्यंत त्यांनी सांगितलं की शाळेला असताना याच खाडीतून ते होडीने ये-जा करत. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकात टेकलो आणि गणपतीपुळ्याची गर्दी चुकवून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीत शिरलो. थिबा राजवाडा बाहेरूनच पाहिला. ब्रह्मदेशाच्या राजाला १८८५ साली पदच्युत केल्यावर इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं ते १९१६ साली तो मरेपर्यंत. हा राजवाडा बांधून झाला तेव्हा त्याच्या आयुष्याची मोजकी वर्षं उरली होती.

विजयदुर्गाला मात्र अख्खा दिवस दिला. तिहेरी तटबंदी, बुरुजांची एकावर एक चढलेली वळणं, खाडीत आत गिर्ये गावाजवळ आरमाराची गोदी. जहाजं वर ओढून डागडुजी करायची सोय होती ती. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने इथून हेलियम शोधला, ही गोष्ट गावात अभिमानाने सांगितली जाते. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. ग्रहण पाहणारा फ्रेंच जानसेन गुंटूरला होता आणि लॉकियरने सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये आपल्या देशातूनच पाहिली. इथे कुणी ग्रहण पाहिलं नसेल असं नाही, पण ही उसनी फुशारकी विजयदुर्गाला कशाला हवी? या बंदरात १७५६ साली आंग्र्यांचं आरमार जळालं, मराठ्यांच्या मुख्य सत्तेच्या संमतीने आणि मदतीने. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना रोखू शकेल असं बळ त्यानंतर मराठ्यांकडे पुन्हा उभं राहिलं नाही. ओट्यापेक्षा या गोष्टीची पाटी इथे मोठी हवी.

देवगड, कुणकेश्वर, आचरा करत मालवणात पोचलो. "खंयसून इलास?" या प्रश्नाला उत्तर दिलं की इथे कुणी पेट्रोलचं विचारत नाही, थेट जेवणाचं विचारतात. सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची तारीख २५ नोव्हेंबर १६६४. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, तिथे पूजा करून समोरच्या कुरटे बेटावर काम सुरू झालं. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आजही आहेत. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. खांदेरीही आहे, पण तिथे सायकल नेता येत नाही.

खाड्यांवर आता मोठे पूल होऊ घातलेत. ते व्हायलाच हवेत. रात्री आजारी माणसाला घेऊन बोटीची वाट बघणाऱ्याला आमच्या इतिहासाच्या गप्पा सांगून उपयोग नाही. फक्त पूल झाल्यावर बोटी बंद करू नयेत, एवढं मात्र मागावंसं वाटतं.

जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. दुपारनंतर समुद्रावरचा वारा वायव्येकडून येतो आणि पाठीशी राहतो. उलटे निघालात तर तोच वारा छातीवर घ्यावा लागेल. मागच्या चाकाला निदान बत्तीस दात्यांची चकती लावून घ्या. ट्यूब दोन जास्तीच्या ठेवा, कारण सड्यावर मैलागणिक पंक्चरवाला नसतो. आणि शेवटची बोट किती वाजता सुटते, हे जेटीवर पोचल्यावर नव्हे, आदल्या रात्री जिथे मुक्काम कराल तिथेच विचारून घ्या.