वळचणीचे पाणी

मे महिन्याची सुट्टी लागली की आमची पावले आपोआप श्रीवर्धनच्या वाटेला लागतात. पनवेलहून निघायचे, माणगावला महामार्ग सोडायचा आणि म्हसळ्याचा घाटरस्ता धरायचा. म्हसळा मागे पडले की हवा बदलते. नारळ-सुपारीच्या वाड्या दिसू लागतात, गाडीच्या काचेतून खारा वारा आत येतो आणि मागच्या सीटवर पेंगणारी मुले जागी होतात. दादांनी बांधलेले आमचे जांभ्या दगडाचे घर याच तालुक्यातल्या एका लहानशा गावात आहे.

यंदा मात्र सुट्टीत समुद्रावर फार जाणे झाले नाही. सुट्टी गेली अंगण फोडण्यात.

हकीकत अशी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या झाल्या. रोठा सुपारीची उभी झाडे काडीसारखी मोडली. आमच्या घराची मंगलोरी कौले उडाली. त्या वर्षी कौले मिळेनात, माणसे मिळेनात, म्हणून आम्ही पत्रे घातले. पुढल्या वर्षी कुवेतमधल्या धाकट्या भावाने पैसे पाठवले. "भाईजान, गाडी उभी राहील असे अंगण करून टाका," म्हणाला. सारवलेल्या अंगणावर आम्ही काँक्रीट ओतले, वर पेव्हर ब्लॉक बसवले. फोटो पाहून सगळे खूश झाले. अम्मी तेवढ्या गप्प होत्या.

पहिल्या पावसाळ्यानंतर ओटीच्या भिंतीला लोणा धरला. दुसऱ्यानंतर गिलाव्याचे पोपडे गळू लागले. आम्ही दर मे महिन्यात रंग देत राहिलो आणि ओल दर पावसाळ्यात तो रंग उतरवत राहिली.

यंदा एका जुन्या मिस्त्रींना बोलावले. रंगाचे डबे दाखवले तर त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. म्हणाले, "गुरुजी, अंगणात दोन बादल्या पाणी ओता." ओतले. पाणी क्षणभर थांबले आणि सरळ घराकडे आले, जोत्याला लागून कोपऱ्यापर्यंत गेले आणि गडग्याच्या फटीतून पलीकडे दिसेनासे झाले. "पाणी आपली पातळी गाठते" हे आम्ही वर्गात शिकवतो. आपल्या अंगणात ती पातळी कुठे आहे, हे कधी पाहिले नव्हते.

गडग्यापलीकडे शेजारच्या खालांचे घर आहे, आमच्यापेक्षा दोन-तीन हात खाली. आम्ही तिकडे गेलो. त्यांच्या मागील दारापुढे चिऱ्यांचा एक बांध घातलेला होता, वर मातीचा लेप. खाला एकट्या राहतात, वय सत्तरीच्या पुढे. हा बांध कशाला, विचारले तर म्हणाल्या, "काही नाही रे, पावसात थोडं पाणी येतं." मग हळूहळू कळले की जुलैत त्यांच्या विहिरीचे पाणी गढूळ होते आणि तेवढे दिवस त्या मशिदीच्या विहिरीवरून कळशी आणतात. तीन पावसाळे! आम्ही दर ईदला त्यांच्याकडे शिरखुर्मा पाठवत होतो आणि दर पावसात आमच्या छपराचे पाणी.

हिशेब आम्ही त्या रात्री मांडला. आमचे छप्पर सुमारे १,००० चौरस फुटांचे. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर जवळपास ९,३०० लिटर पाणी होते. कोकणात असा दिवस पावसाळ्यात पुन्हा पुन्हा येतो. पूर्वी ते वळचणीवरून पागोळ्यांनी सगळीकडे गळे आणि अंगणाची माती थोडे पिऊन टाकी. आता पन्हळीतून ते सगळे एकाच कोपऱ्यात, खालांच्या बाजूला पडत होते.

भावाला फोन लावला. तो म्हणाला, "मोठा पाईप टाका आणि बाहेर काढा, अंगण कशाला फोडता?" बाहेर म्हणजे कुठे, हे आम्ही त्याला सांगितले. फोनवर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग अम्मींनी फोन घेतला. मदिनेत हजरत जुबैर आणि एका अन्सारी साहाबींमध्ये पाटाच्या पाण्यावरून वाद झाला, तेव्हा आपल्या झाडांना देऊन पाणी शेजाऱ्याकडे सोडायला सांगितले गेले, ती हकीकत त्यांनी त्याला सांगितली. "तिथे शेजाऱ्याला पाणी हवे होते, इथे नको आहे. पण हक्क शेजाऱ्याचाच," एवढेच म्हणाल्या. भाऊ म्हणाला, "फोडा, अम्मी."

पेव्हर ब्लॉक काढले, गडग्याच्या कडेचे काँक्रीट फोडले आणि खाली दादांचा पाट निघाला! नऊ इंच रुंद, दोन्ही बाजूंना चिरे, घराला वळसा घालून मागच्या पऱ्यापर्यंत जाणारा. आम्हीच तो बुजवला होता. अम्मी तेव्हा का गप्प होत्या, ते आता उमगले. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

मिस्त्रींनी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी धरली आणि ४० फुटांच्या पाटाला पाच इंच उतार दिला. अंगणाला जोत्यापासून पहिल्या १० फुटांत अडीच इंच उतार केला. पन्हळीचे तोंड फिरवून पाटात सोडले. भिंतीचा सिमेंटचा गिलावा तीन फूट उंचीपर्यंत काढला, कारण तो ओल आत कोंडून धरतो. तिथे आता चुन्याचा गिलावा होईल, पण दगड पुरता सुकल्यावर. वुजूचे पाणी पूर्वीसारखे केळीच्या आळ्यात सोडले. न्हाणीच्या पाण्यासाठी तीन फूट लांब-रुंद-खोल शोषखड्डा खणला, तळाशी मोठे दगड, वर लहान. दोन्ही विहिरींपासून तो निदान ५० फूट लांब राहील, हे टेप लावून पाहिले.

घरात कुठलेही काम काढण्याआधी एवढे करा. दोन बादल्या पाणी ओता आणि त्याच्यामागे चालत जा. ते शेजाऱ्याच्या दाराशी पोहोचत असेल, तर रंगाचा डबा उघडू नका.

शाळा सुरू झाली आणि आम्ही परतलो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रभर पाऊस लागला. सकाळी खालांचा फोन आला. सलाम झाला, मुलांची चौकशी झाली. मग म्हणाल्या, "मागचा बांध काढायला कोणी माणूस मिळेल का रे? आता उगाच पायात येतो."