तहानेच्या आधी

तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेल्या माणसाविषयी आपण ज्या सहजतेने बोलतो, त्या सहजतेचेच अलीकडे मला भय वाटू लागले आहे. कारण ज्याला तहान लागली आणि ज्याने वेळीच खणले नाही ते दोघे एकच होत, त्याच्यापाशी खणण्याजोगी स्वतःची जागा होती, त्या जागेखाली पाणी होते, आणि पहार उचलण्याइतकी फुरसत त्याला तहानेच्या आधी कधीतरी मिळाली होती, एवढ्या गोष्टी ती म्हण बिनदिक्कत गृहीत धरते आणि मग सगळा दोष एकट्याच्या पदरात टाकून मोकळी होते.

आरोग्यविम्याचे करारपत्रक वाचू लागले की ही म्हण कलमांच्या रूपाने समोर उभी राहते. पॉलिसी घेतल्यापासून पहिले तीस दिवस अपघाताखेरीज सहसा काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचे सांधे यांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षांची मुदत असते. आणि जो विकार अंगात आधीपासूनच वस्तीला आहे त्यासाठी कंपनीला छत्तीस महिन्यांपर्यंत थांबवून ठेवण्याची मुभा आहे, जी १ एप्रिल २०२४ पूर्वी अठ्ठेचाळीस महिन्यांची होती. पासष्टीनंतर नव्याने येणाऱ्यास पॉलिसी देण्याचे बंधनही पूर्वी कंपन्यांवर नव्हते. वयाची ती अट त्याच दिवसापासून गेली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा करही उठला. या सुधारणा खऱ्या आहेत आणि त्यांचे मोल मी कमी लेखीत नाही. पण माझ्या वडिलांनी, बाबूजींनी, सत्तरी ओलांडली आहे, त्यांचा मधुमेह जुना आहे, आणि दरवाजा उघडला म्हणून उंबरठ्याची उंची कमी झालेली नाही: हप्ता वयाबरोबर चढतो, बिलाचा काही हिस्सा को-पेमेंट म्हणून आपल्याच अंगावर राहतो, आणि ज्या दुखण्यासाठी मुख्यतः हा सारा खटाटोप करायचा ते दुखणे पहिली तीन वर्षे कराराच्या बाहेर बसून राहण्याची शक्यता असते. त्यातून हप्त्याची तारीख वर्षातून एकदा ठरल्या दिवशी येते, आणि खरेदी केंद्रावर धान मोजून दिल्यावर त्याचे चुकारे कधी जमा होतील हे भंडारा जिल्ह्यातील आमच्यासारखा कोणताही शेतकरी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हप्ता चुकल्यानंतर मिळणारी महिनाभराची सवलत त्या चुकाऱ्यांना पुरेल की नाही, हा आमच्या घरातला अगदी व्यावहारिक प्रश्न आहे.

सरकारची तजवीज आहे, आणि ती लहान नाही. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढल्या वर्षी राज्यभर आली, २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि आता शिधापत्रिकेचा रंग न पाहता प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण तिच्यात आहे. शिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची चौकशी न करता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, ज्यातली रक्कम घरातील सत्तरीखालच्या माणसांशी वाटून घ्यावी लागत नाही. बाबूजींना ते मिळण्यासारखे आहे. आईला अजून अवकाश आहे. मात्र या दोन्ही योजनांचा अंमल अंगीकृत रुग्णालयात भरती झाल्यावर सुरू होतो. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या, महिन्याची तपासणी, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवरच्या नागपुरात मेडिकल किंवा मेयो या रुग्णालयांत नेण्याचे गाडीभाडे, म्हणजे वार्धक्य ज्या बारीक खर्चांनी घर पोखरते ते जवळजवळ सगळे खर्च, खाजगी पॉलिसीतही सहसा येत नाहीत आणि सरकारी कार्डातही येत नाहीत. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी भंडाऱ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. ते पूर्ण भरास येईल तेव्हा यातले निदान अंतर तरी कमी होईल, अशी मला मनापासून आशा आहे.

हे सगळे कागदावर मांडीत असताना मन वारंवार विहिरीकडून तलावाकडे जाते, आणि त्याला परत आणण्याची मला इच्छा होत नाही. आमचा मुलूख विहिरींचा नव्हे, तलावांचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव मोजले गेले आहेत, लहानसहान बोड्या वेगळ्याच. गोंड राजांच्या काळी जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याने भिजणारी जमीन देण्याची रीत होती असे सांगतात. कोहळी समाजाच्या जाणत्या पुरुषांनी जमिनीचा उतार केवळ नजरेने हेरून पाळी घातल्या, आणि आज गोंदियात गेलेला पण १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेला नवेगावबांध हा कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने अद्याप ओळखला जातो. या तलावांचे मर्म आषाढ-श्रावणात कळत नाही, कारण तेव्हा पाणी सर्वत्रच असते. पाऊस पाठ फिरवतो आणि भारी धानाच्या लोंब्या भरायच्या राहिलेल्या असतात, त्या अश्विनातल्या पंधरा-वीस दिवसांसाठी वर्षभर पाळ राखायची, गाळ काढायचा, पाणी सोडण्याचे तुडूम उघडण्याचा क्रम ठरवायचा. तहान कोणाला लागेल हे ठाऊक नसताना, पण ती लागणार हे निश्चित ठाऊक असताना, एका गावाने मिळून केलेली ही तजवीज होती.

इथवर आलो की मला बरे वाटू लागते, आणि नेमके तेव्हाच विचाराला अडथळा होतो. गावाने केली असे मी म्हटले, पण गावातल्या कोणी? हुकूम मालगुजाराचा होता, कसब कोहळ्याचे होते, आणि टोपल्या वाहणाऱ्या ज्या हातांनी पाळ उभी राहिली त्यांतील अनेकांच्या मालकीची एक बांधीही त्या पाण्याखाली भिजत नव्हती. ज्या मध्यप्रदेशात तेव्हा आमचा जिल्हा होता, त्याच्या सरकारने १९५०चा कायदा करून पुढल्या वर्षी मालगुजारी नष्ट केली, ही गोष्ट न्यायाचीच झाली, आणि ती उलटावी असे कोणीही म्हणणार नाही. तलाव सरकारजमा झाले. निस्ताराचे, म्हणजे गावकऱ्यांच्या वापराचे, हक्क दप्तरात नोंदले गेले. धीवर मासेमारी करीत राहिले. पण पावसाळ्याआधी पाळीवर उभे राहून गाळाकडे पाहणारा माणूस हळूहळू दिसेनासा झाला, आणि बरेच तलाव उथळ होत गेले. अन्यायी व्यवस्थेत जी जपणूक होती ती न्यायी व्यवस्थेत का टिकली नाही, याचे उत्तर मला पुस्तकांत मिळाले आहे आणि तरी ते पटलेले नाही. सरकारचे कार्ड हा अशाच एका मोठ्या तलावाचा प्रकार आहे असे मी मानू पाहतो, आणि मग त्याचा गाळ कोण काढणार ही चिंता लगेच मागोमाग येते. खाजगी पॉलिसी ही आपल्या परसातली विहीर, असे म्हणावे तर शेजारच्या घरातील तहान मला ऐकू येते.

कारण शेजारी मावशी आहे. तिने जन्मभर दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणी केली. तिच्या आधारपत्रावर जन्मवर्ष १९५७ आहे आणि तारीख १ जानेवारी, जी तारीख ठाऊक नसलेल्या कित्येकांच्या वाट्याला आली. सत्तरी मोजली जाते ती त्या पत्रावरून. म्हणून वय वंदना कार्ड तिला आज नाही. पण तिची स्वतःची गणना निराळी आहे. “बाबासाहेब भंडाऱ्यात उभे होते ना, तवा मी बकऱ्या राखत होती,” असे ती सांगते, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले ते साल १९५४. म्हणजे जी आठवण तिच्या आयुष्यातली सर्वांत उजळ आहे त्या आठवणीच्या वेळी, सरकारी नोंदीप्रमाणे, तिचा जन्मच झालेला नव्हता. शाळेचे तोंड तिने पाहिले नाही, म्हणून दाखला नाही. आणि स्मरण हा पुरावा कोणत्याही दप्तरात ग्राह्य नाही. संरक्षण तिला मुळीच नाही असे नव्हे, शिधापत्रिकेवर कुटुंबाची रक्कम आहेच. परंतु ती रक्कम मुलाची, सुनेची, नातवंडांचीही आहे, आणि दुखणे अंगावर काढताना ही बाई मनातल्या मनात त्या रकमेची कोणती वाटणी करते, हे मी तिला विचारू शकलेलो नाही. स्वतःच्या नावाची, कोणाच्याही तोंडचा घास न काढणारी अशी काही रक्कम असणे म्हणजे काय, हे ज्यांना ती सहज मिळते त्यांना बहुधा उमगत नसावे.

तिने वेळीच विहीर खणली नाही, असे म्हणण्यास माझी जीभ धजत नाही. मग बाबूजींच्या बाबतीत ती म्हण मी कोणत्या अधिकाराने वापरतो? आणि वापरली नाही, पॉलिसी घेतली नाही, आणि उद्या मध्यरात्री गाडी काढून नागपूरचा रस्ता धरावा लागला, तर तेव्हा या सगळ्या चिंतनाचा उपयोग काय, हेही मला सुचत नाही. घरात मते तीन आहेत. आई म्हणते, “आमच्यासाठी कायले एवढे पैसे घालता,” आणि पुढच्याच वाक्यात बाबूजींची पॉलिसी मात्र काढायला सांगते. बाबूजींचे म्हणणे असे की सरकारी कार्ड पुरे, हप्त्याचे पैसे बाजूला ठेवावेत आणि त्यांतून आधी मावशीच्या जन्मनोंदीसाठी वकिलाकडे आणि तहसिलीत जे काही करावे लागेल ते करावे. मला दोन्ही करावेसे वाटते, आणि दोन्ही करता येईल की नाही हे या वर्षी धानाचे चुकारे केव्हा जमा होतात त्यावर आहे.