उजेडाची वाट पाहणारा समुद्र

२००८ साली आम्ही सेंदाईला आलो. पहिल्या हिवाळ्यात थंडीपेक्षा अंधारानेच जीव मेटाकुटीला आला. मुंबईत डिसेंबरातही दिवस अकरा तासांचा. इथे जेमतेम साडेनऊ! साडेचारच्या आत दिवेलागण.

उजेडाचा हा हिशेब समुद्रही ठेवतो, हे लेकीच्या शाळेतल्या प्रकल्पामुळे समजलं. हिवाळ्यात वारा आणि थंडी समुद्र खोलवर घुसळतात. खालचं खत वर येतं, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती, म्हणजे प्लवक, त्याच घुसळणीत अंधारात ओढल्या जातात. वसंतात ऊन वाढतं, वरचं पाणी तापून हलकं होतं, घुसळण थांबते. मग उजेडात राहिलेले प्लवक असे फोफावतात की पाण्याचा रंगच बदलतो. नॉर्वेच्या स्वेरड्रुप यांनी १९५३ साली हे गणित मांडलं. २०१० मध्ये बेहरनफेल्ड यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून त्याला आव्हान दिलं: वाढ हिवाळ्यातच सुरू होते, कारण घुसळलेल्या पाण्यात प्लवक खाणारे जीवही विरळ होतात. वाद अजून चालू आहे.

आपल्या कोकणात ऊन बारमाही. तिथे समुद्र वाट पाहतो ती पावसाळी वाऱ्यांची. ते खालचं खत वर आणतात. म्हणून तर नारळी पौर्णिमेनंतरच्या मासळीची एवढी अपूर्वाई!

११ मार्च २०११ च्या त्सुनामीने इथल्या कालवांचे तराफे वाहून नेले. घरून रोज फोन: ‘परत या.’ बॅगा भरून ठेवल्या होत्या. त्याच दिवसांत केसेन्नुमाचे हाताकेयामा यांच्याबद्दल वाचलं. कालवांची शेती करणारे हे गृहस्थ १९८९ पासून समुद्रासाठी डोंगरावर झाडं लावत होते. लाटेत त्यांची आई गेली, तराफे गेले. पण काही महिन्यांत संशोधकांनी पाणी तपासलं, तर कालवांना पुरून उरतील इतके प्लवक त्यात होते. त्यांनी पुन्हा तराफे बांधले. २०२५ मध्ये ते निवर्तले.

आम्ही बॅगा उघडल्या. लेक इथेच वाढली.

मंडळी, मार्च ते मे दरम्यान इकडे आलात तर मात्सुशिमाला जरूर जा. बेटांचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही थोडा वेळ पाण्याचा रंगही पाहा.