मायची गोधडी

ज्यांच्या हाती पाटी-पेन्सिल कधी आली नाही, त्या आयाबायांनी आपले आयुष्य कशावर लिहून ठेवले? आम्हां बहिणींना वाटते, गोधडीवर.

आमची माय कापूस वेचायला जायची. बुलडाणा जिल्ह्यातला कापूस खामगावच्या बाजारात यायचा. त्याच्या वाहतुकीसाठी १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. पण कापूस वेचणारीच्या अंगावर मात्र दंड घातलेले लुगडे! तेही विरले की उन्हाळ्यात माय ते अंगणात अंथरायची, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायची आणि चिंध्या मांडून कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा घालत यायची. “चिंधी फेकू नका व पोरीहो,” असे ती सांगायची.

माय गेल्यावर आम्ही तिघी तिच्या कपड्यांची गोधडी शिवायला बसलो. बापाच्या सदऱ्याची बाही, भावाची शाळेची खाकी चड्डी, आमच्या झग्यांचे तुकडे असे सारे बालपण ट्रंकेतून निघाले. तळाशी पांढरे पातळ होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांकडून धम्मदीक्षा घेताना माय तेच नेसली होती. थोरली म्हणाली, “याला कात्री लावायची नाही.” धाकटी म्हणाली, “ट्रंकेत कसर खाईल, त्यापेक्षा पोरांच्या अंगावर राहू दे.” दोन दिवस सुई थांबली.

तोड निघाली ती विनयपिटकातून. महावग्गात कथा आहे. मगधातली बांधाबांधांची शेते पाहून तथागतांनी आनंदाला तसे चीवर करता येईल का, असे विचारले. आनंदाने तुकडे जोडून ते केले. तेव्हापासून भिक्खूचे चीवर कापून जोडलेलेच असते. मग कापल्याने पातळाचा मान कसा जाईल? आम्ही ते मधोमध लावले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय चित्रकार फेथ रिंगगोल्ड (१९३०–२०२४) यांच्या पूर्वज स्त्रिया गुलाम होत्या. त्यांनी १९८० साली आपल्या आईबरोबर पहिली गोधडी केली. १९८८ च्या ‘टार बीच’ या गोधडीत न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत गच्चीवर घालवलेल्या उन्हाळी रात्री त्यांनी रंगवल्या आणि कापडावरच गोष्ट लिहिली. ती गोधडी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. आमच्या मायची गोधडी खाटेवर राहील, पण कुळी तीच.

भगिनींनो, घरातली जुनी गोधडी बोहारणीला देण्याआधी म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवा. कोणता तुकडा कोणाचा, ते विचारून घ्या. मागच्या बाजूला दोऱ्याने नाव आणि साल घाला. मायला सही येत नव्हती, अंगठा उठवायची. आमच्या गोधडीवर तिचे नाव तिच्या नातीने निळ्या दोऱ्याने भरले आहे. जयभीम.