कोरडी वात

गेल्या दिवाळीत मी लेस्टरला लेकाकडे होते. रोज वीस सिगारेटी ओढणारा हा प्राणी आता विजेच्या नळीतून निकोटिनची वाफ ओढतो. (आपल्याकडे २०१९ पासून तिच्या विक्रीलाच बंदी, तिकडे सरकारी आरोग्यखाते सिगारेट सोडायला तिचा आधार घ्या म्हणते!)

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याने नळीत नवी कॉइल घातली, एक झुरका मारला आणि स्वारी खोकत सुटली. "शी! जळकी चव. यापेक्षा सिगारेट बरी!" म्हणत त्याने कोट चढवला. माझ्या पोटात गोळा आला.

कॉइल मी हातात घेतली. आत तारेचे वेटोळे आणि कापूस!

"अरे, कोरडी वात पेटवलीस होय रे?"

मी पणत्यांच्या वाती तेलात भिजवीत होतेच. त्याने दुसरी कॉइल काढली, कापसावर रसाचे चार थेंब सोडले, टाकी भरली, वॉट उतरवले आणि चक्क दहा मिनिटे थांबला. टाकी तळाला जाऊ द्यायची नाही, लागोपाठ झुरके नाहीत, आणि फार गोड रस तर नकोच, तो तारेवर करपतो, हेही कबूल केले.

चव सुधारली. कोट खुंटीवर गेला. मी मात्र पणत्या लावताना स्वतःवरच चिडले होते. लेकाच्या व्यसनाची वात सारखी करून देणारी आई मीच पहिली असेन!