प्रवासाचा काल

दानास देश, काल आणि पात्र पाहावे, असे शास्त्रकार सांगतात. प्रवासासही तोच नियम लागू आहे, हे कळावयास आम्हांस साठी उलटावी लागली. शिक्षकी पेशामुळे आमचे कोकणात जाणे सदैव मे महिन्याच्या गर्दीतच होई. गतवर्षी मात्र कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच, भाड्याने घेऊन आम्ही, आमचे कुटुंब व थोरल्या वहिनी पौषात निघालो. वहिनींचे गुडघे थकलेले. शय्या व शौचकूप गाडीतच असल्याने त्यांची सोय झाली. नाताळची सुट्टी सरून शाळा भरल्या होत्या. दाभोळहून धोपाव्यास जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी विनाविलंब चढली. गुहागरच्या निवांत पुळणीवर वहिनींस हात धरून पाण्यापर्यंत नेले; कोणाचा धक्का लागला नाही. पाऊल भिजताच त्या म्हणाल्या, "भावोजी, मुले हवी होती हो!" आम्ही निरुत्तर झालो. जन्मभर हजेरी मांडलेला मास्तर नातवंडांची शाळा कशी बुडवील? म्हणून वाचकहो, वृद्धांनी पौषात अवश्य जावे; परंतु देह चालतो आहे तोवर एखादा वैशाख, शनिवार-रविवार टाळून का होईना, नातवंडांसाठी राखावा.