गालिच्याखालच्या फळ्या

आपल्या वसतिगृहाच्या जुन्या वाड्यातील माडीवरचा गालिचा गेल्या उन्हाळी सुटीत काढण्यात आला. कडेचे खिळे उपटून तो गुंडाळला, तेव्हा खालच्या सागवानी फळ्या पुन्हा उजेडात आल्या. या स्मरणिकेच्या तरुण वाचकांना त्या अपरिचित असतील. आमच्या पिढीने मात्र याच फळ्यांवर सतरंज्या अंथरल्या आणि पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून अभ्यास केला.

त्यांवर टाइल्स बसवाव्यात, अशी सूचना होती. परंतु सिमेंटच्या थरासह तेवढे वजन जुन्या तुळयांवर टाकणे आम्हांस उचित वाटले नाही. फळ्याच दुरुस्त करण्याचे ठरले. सुतारांनी प्रथम तुळया टोचून वाळवीचा तपास केला आणि पोखरलेल्या चार फळ्या बदलल्या. चिकटून राहिलेला गोंद पाणी न ओतता पत्तीने खरवडला, कारण भिजलेले लाकूड फुगते. वर आलेल्या खिळ्यांची डोकी आत ठोकली. मग आधी जाड, नंतर बारीक काचपेपर, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. अखेरीस जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात दिले. या तेलाने भिजलेल्या फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून ती अंगणात सुटी पसरून वाळविली.

वाद झाला तो डागांवरून. पेट्या सरकवून पडलेले ओरखडे, दौत सांडून उमटलेले काळे डाग यंत्राने घासून काढावेत आणि वर चकचकीत पॉलिश द्यावे, असे काहींचे मत होते. आम्ही अजिंठ्याचे उदाहरण दिले. निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी १९२० ते १९२२ या काळात तेथील सुटू लागलेली चित्रे सावरली, हे त्यांचे ऋणच. पण त्यांनी दिलेले व्हार्निश कालांतराने पिवळे पडून मूळ रंग झाकोळले. पुढे पुरातत्त्व खात्याला ते काढण्याचे कष्ट घ्यावे लागले. जपण्यासाठी दिलेला थरही झाकण ठरू शकतो.

त्याहून मोठे कारण आमच्या मनात होते. बाबासाहेबांना बालपणी शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि ते रोज घरी न्यावे लागे, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावीत नसे. त्याच बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये आपल्या शहरात महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद. ज्यांच्या आजोबांना वर्गाबाहेर बसविले गेले, ती मुले या माडीवर खांद्याला खांदा लावून शिकली. ते ओरखडे त्याचा लेखी नसलेला पुरावा आहेत. तो घासून टाकण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

जेथे पायाला कुसळ टोचेल, तेवढीच जागा गुळगुळीत केली. बाकीच्या खुणा राहू दिल्या. आता तेथे वाचनकक्ष आहे. माजी विद्यार्थ्यांनी अवश्य यावे, पादत्राणे जिन्याखाली ठेवून आपापल्या पेटीची जागा शोधावी आणि तेथे वाचत बसलेल्या मुलाला ती दाखवावी.